गेटाबाहेरचं जेवण

वॉटर पार्कला गेलं की सगळ्यात चांगलं जेवण मिळतं ते गेटाबाहेर, कारण घरचे डबे आत नेऊ देत नाहीत. काल तिथे एक बाई पिशवी सांभाळत झाडाखाली बसली होती. दुपारी तिची मुलं ओलीचिंब बाहेर आली आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांवर तुटून पडली.

"आई, तू पण चल ना आत!"

"मला नाही रे पाण्याची हौस."

माझी आईही अगदी हेच म्हणायची. आम्ही परत आत पळाल्यावर ती एकटी काय करत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

मुलं गेली. बाईनं इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि बाटलीतलं उरलेलं पाणी हळूहळू आपल्या पायांवर ओतून घेतलं.