दादांची घागर

अकरावीच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फलकावर एक टाइप केलेला कागद लागला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मे महिन्यात सहा आठवड्यांचं विज्ञान शिबिर होतं. राज्यभरातून मोजकी मुलं घेणार, राहण्याजेवणाची सोय तिथेच, आणि काम खऱ्या प्रयोगशाळेत. अर्जासोबत घरच्या साधनांनी स्वतः केलेला एक प्रयोग लिहून पाठवायचा होता. तो पसंत पडला तर मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. मी तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारलं, पुण्याला न्यायला ट्रंक बरी की पिशवी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हा माझा स्वभाव लहानपणापासूनचा.

आई भाकरी थापत राहिली.

दादा, म्हणजे माझे वडील, त्याच्या आधीच्या भाद्रपदात गेले होते. आमच्या शहरातल्या द्वारका नावाच्या चौकात, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते कारकून होते, आणि आम्ही तिथून जवळच दोन खोल्यांत राहायचो. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पाणी अगदी तोलून द्यायला सांगितलं होतं, वर एक घोटही नाही. दादा पाणी मागायचे. हात जोडून मागायचे. आई कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवायची आणि तांब्या पदराआड धरून बाहेर नेऊन ठेवायची. डॉक्टरांचा शब्द तिने शेवटपर्यंत पाळला. ते गेले तेव्हाही त्यांचे ओठ कोरडेच होते. याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आईला ते जन्मभर खुपणार हे मला तेव्हाही कळत होतं.

दादा गेल्यावर आई ड्रायव्हर-क्लीनर लोकांना जेवणाचे डबे करून द्यायला लागली. काका, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, वणीकडच्या आमच्या गावात शेती बघायचे. ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, भाजीपाला आणायचे, आणि उठताना एकच गोष्ट सांगायचे, "वहिनी, पोरीचं वरसाच्या आत उरकून टाकू. नायतर तीन वर्सं थांबावं लागल." घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काका वाईट नव्हते. माझं अक्षरही त्यांना आवडायचं. पण बारावी, पुढचं कॉलेज, हे सगळं त्यांना खुळचटपणा वाटायचं.

त्या रात्री भाकऱ्या झाल्यावर आई म्हणाली, "पुन्याचं जमलं तर मी भाऊजींना सांगन, पोरीला सरकारनं निवडली, आता थांबा. नाय जमलं तर माझ्याकडं काय बोलायला हाय?" शिबिर सरकारचं नव्हतं, पण मी तिला दुरुस्त केलं नाही. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका निवडीला टांगलेलं होतं.

प्रयोगाची कल्पना माझीच. नव्या माठातलं पाणी गार होतं आणि जुन्या माठातलं तितकं होत नाही, असं सगळेच म्हणतात. किती फरक पडतो आणि का, ते मी मोजणार होते. घरात दोन वर्षं वापरलेला माठ होता, पितळी हंडा होता. हवी होती एक कोरी घागर.

"नवी घागर? आखाजीच्या आधी?" आई म्हणाली. "डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरून पुजायची, वर खरबूज आणि आंबा ठेवायचा. मातीच्या नव्या भांड्यातलं पहिलं पाणी त्यांचं. तोवर घरात कुणी ते पीत नाही. त्यात हे दादांचं पहिलं वर्ष. मी तिला म्हटलं, मला प्यायचं नाही, नुसतं मोजायचं आहे. ती म्हणाली, पाणी भरलं की ते त्यांचंच झालं. मी रडले, आदळआपट केली, दोन दिवस जेवताना तिच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर कोपऱ्यात तिवईवर कोरी घागर होती. आईने तिला हळद-कुंकू लावलं होतं, गळ्याला दोरा गुंडाळला होता. फाल्गुनात आंबा कुठला आणि खरबूज कुठलं, तर झाकणावर द्राक्षांचा घोस ठेवला होता. शेजारी निरांजन. पंचांग झुगारून आईने एकटीनेच आखाजी उरकली होती.

"तिथी नव्हती ना?" मी विचारलं.

"त्यांना तहान काय तिथी बघून लागती?" ती म्हणाली. "घे आता. काय मोजायचं ते मोज."

मला इतका आनंद झाला होता की ती काय बोलली तिकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिला बजावलं, यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, डब्याच्या माणसांनाही द्यायचं नाही. ती म्हणाली, "मी कशाला दिऊ?"

आमच्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर रुमालात गुंडाळून दिला. मी तिन्ही भांडी खुणेपर्यंत भरली आणि रोज दुपारी कॉलेजातून आल्या आल्या पाणी किती गार आहे ते बघायची, आणि लाकडी पट्टी बुडवून ते किती उतरलं तेही. हंडा तर होता तसाच राहिला. जुना माठ रोज थोडा थोडा उतरत गेला. नव्या घागरीतलं पाणी मात्र सगळ्यांत गार, आणि तरी तिची पातळी खुणेच्या जेमतेम खाली येऊन थांबली होती. दिवसामागून दिवस गेले, ती हलेना. पाणी बाहेर पाझरून उडतं म्हणून माठ गार होतो, असं पुस्तकात होतं. माझी घागर पाणी न उडताच गार होत होती.

मी बाईंना दाखवलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणाल्या, "मला याचा उलगडा होत नाही. जे दिसलं ते लिही." पण नुसतं दिसलेलं लिहून थांबेन ती मी कसली? कोऱ्या भाजक्या मातीत स्वतःचाच एक गारवा असतो आणि जुनी झाली की तो संपतो, असा सिद्धान्त मी दीड पान लिहून काढला. त्या दिवसांत मी द्वारकेच्या चौकातून चालले तरी मला वाटायचं, या ट्रकवाल्यांना काय ठाऊक, आपल्या शेजारून कोण चाललंय.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं. आम्ही दोघी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती बाहेरच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि मला आत बोलावलं.

टेबलामागे तिघं होते, दोन पुरुष आणि मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई. प्रश्न बाईच विचारत होत्या. त्यांनी माझे आकडे समोर ठेवले होते.

"पाणी उडालं नाही, तर गारवा आला कुठून?"

मी माझा सिद्धान्त घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"पहिल्या दिवशी पातळी उतरली आणि नंतर रोज तिथेच. असं का व्हावं?"

मी टेबलावरचे माझेच आकडे उलटे वाचायला लागले.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि आई."

"घागरीपाशी आई जाते?"

"हो. रोज निरांजन लावते. दादांची..." एवढं बोलले आणि मला आईच्या हातातला तांब्या आठवला.

आई रोज दुपारी जेवायला बसण्याआधी तांब्या घेऊन त्या कोपऱ्यात जायची. रविवारी मी घरात असायची, मी तिला जाताना पाहिलंही होतं. पण आईच्या हातात पाण्याचा तांब्या, यात बघण्यासारखं काय होतं? आणि मी मोजायला बसायची ती त्यानंतर.

आईचा राग आला. बाहेर जाऊन तिला गदागदा हलवावं असं वाटलं. झाकण घट्ट होतं, भिंतीला ओल होती, असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. मला पटापट थापा सुचतात. पण त्या बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, आणि माझ्या तोंडून आलं, "आई पाणी घालत असेल."

"तिला विचारलं होतंस?"

"नाही."

"का घालत असेल?"

मग मी सांगितलं. आखाजी सांगितली, अवेळी पुजलेली घागर सांगितली, दवाखाना आणि कापसाचा बोळाही सांगितला. दादा गेल्यापासून हे मी कुणापाशी बोलले नव्हते, आणि बोलले ते तीन परक्या माणसांपुढे. उजवीकडचे गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ही निरीक्षणं धरता येणार नाहीत."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. मग माझे कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिले. "तरीही एकदा पुन्हा मोज."

परतीच्या एसटीत मी आईला विचारलं, "तू घागरीत पाणी घालत होतीस?"

"मग? दुपारची उतरलेली दिसायची. तशीच ठिऊ?"

"मी सांगितलं नव्हतं का हात लावू नको म्हणून?"

"पिऊ नको म्हनली व्हतीस. भरू नको कुठं म्हनलीस?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "म्हंजी माझ्यापायी गेलं का?"

मी हो म्हणाले. मी रागात होते, आणि ते खरंही होतं. आई खिडकीकडे तोंड करून बसली. नारायणगाव गेलं, संगमनेर गेलं, सिन्नर आलं. डबा उघडला गेला नाही. घरी पोचल्यावर तिने हातपाय धुतले आणि आधी कोपऱ्यातली घागर भरली. मी बघत होते. मला तिला थांबवावंसं वाटलं नाही.

निवड झाली नसल्याचं पत्र आठवड्याभरात आलं. शिबिर फक्त अकरावीच्या मुलांसाठी होतं, त्यामुळे पुढच्या वर्षाचा प्रश्नच नव्हता.

आखाजीला काका आले. घरातला पुरुष म्हणून दादांच्या नावाची घागर त्यांनी विधीने भरली, या वेळी खऱ्या तिथीला, वर आंबा आणि खरबूज ठेवून. सांजोऱ्या खाऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला. दिंडोरीकडचं स्थळ होतं, मुलगा ग्रामसेवक, द्राक्षाचा बाग. "पुन्याचं तर बारगळलं म्हनं," ते म्हणाले. "आता कशाची वाट बघायची?"

मी उंबऱ्याशी बसले होते. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आईकडेही काही नसणार हे तिनेच मला सांगून ठेवलं होतं.

आईने पदर पुढे ओढला. काकांशी ती नेहमी खाली बघून बोलायची, तशीच बोलली. "भाऊजी, तिचं काय चुकलं नाय. चूक माझी झाली. तिच्या मोजायच्या पान्यात मी पानी घातलं. माझ्या चुकीपायी पोर उजवायची का?"

"अवो वहिनी, चूक कुनाची का आसंना..."

"तीन वर्सं थांबू," आई म्हणाली. "त्यांना पानी दिलं नाय ते डागदरच्या सांगन्यावरून. हिचं शिक्षान कुनाच्या सांगन्यावरून तोडू?"

काका घागरीकडे बघत राहिले. मोठ्या भावाच्या तहानेबद्दल आई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलली होती. मग त्यांनी टोपी उचलली आणि उन्हं उतरायच्या आत निघायला हवं असं काहीतरी म्हणाले. ते रागावून गेले, आणि पावसाळ्यापर्यंत आले नाहीत.

ते गेल्यावर आईने मांडणीवरचा पितळी पेला काढला. दादांचाच, चहाचा. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ती बाई पुन्हा मोज म्हनली ना? मी भरायची काय थांबनार नाय. पन किती घातलं ते सांगत जाईन. चाललं का?"

मी म्हटलं, चालेल. तसं मोजलं तर अगदी बरोबर येईल.

मग सगळा वैशाख आमचं ते चाललं. मी जुना माठ मोजायची, आई पेल्याने घागर भरून मला आकडा सांगायची. एका दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. आईने घागर भरली, झाकण ठेवलं, पेला पालथा घातला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

"आज चार," ती म्हणाली. "लय तहानले व्हते. पोटभर पिले."

मी वहीत चार लिहिलं.