जोव्हेलिनाच्या टीव्हीवरच्या मुंग्या

जोव्हेलिनाचा टीव्ही घरात असला तरी त्याचं तोंड खिडकीकडे. खिडकीबाहेर ओसरीत लांबलचक बाक. दिवेलागण झाली की डोंगराखालची अर्धी वस्ती त्या बाकावर येऊन टेकायची, मालिकेतल्या सासूला शिव्या घालायची आणि जोव्हेलिनाच्या हातची काळी कॉफी प्यायची. गुडघे गेल्यापासून बाई अंगणापलीकडे गेली नव्हती. माणसांचं तोंड दिसायचं ते एवढ्याच वेळी.

चित्र म्हणाल तर मुंग्यांचं वारूळ. शहरातला प्रक्षेपणाचा मनोरा डोंगराआड पडलेला. पण अँटेनाच्या टोकाला भांडी घासायच्या तारेचा गोळा खोवला की मुंग्यांतून माणसं ओळखू यायची. सियारा प्रांतातल्या त्या माळावर गोळ्याविना अँटेना कुणाचाच नव्हता.

मग बातमी आली, जुनं प्रक्षेपण बंद होणार, गरिबाला नवं प्रक्षेपण पकडणारा डबा फुकट. जोव्हेलिनानं तयारी केली, म्हणजे कोरा करकरीत गोळा आणून ठेवला.

डबा बसवायला वाल्दिर आला. छपरावर चढून अँटेना फिरवत ओरडला, "आलं का, मावशे?"

"काळं हाय."

"आता?"

"तसंच काळं. गोळा लाव की रं टोकाला!"

वाल्दिर खो खो हसला. "त्यानं आता भांडी घासा. ह्यात अर्धंमुर्धं नसतं. आलं तर आरशागत, न्हाईतर कायच न्हाई."

"मला कशाला आरसा? मुंग्या आण, तेवढ्यावर भागतंय माझं."

"मधी डोंगूर हाय, मावशे. त्यो काय मी उचलू?"

तो गेला. जोव्हेलिनानं डब्यावर विणलेला रुमाल घातला आणि जुनंच बघत राहिली. तेवढ्यात वरच्या आळीतल्या क्रेउझानं छपरावर थेट आकाशातून चित्र पकडणारी मोठी थाळी बसवली. सांगायला स्वतः आली. "काकी, तुमी बी या की वर."

"उडत येऊ व्हय?" जोव्हेलिना म्हणाली. बाक हसला. ती हसली नाही.

जुनं प्रक्षेपण बंद व्हायच्या दिवशी मालिकेतली सासू बोलता बोलता गायब झाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आत माणूस नाही. मग गाडीवान अनिझिओ उठला, त्याच्यामागं बाकीचे.

दुसऱ्या दिवशीही तिनं कॉफीचं भांडं भरूनच चढवलं. अंगणात पावलं वाजली तशी झग्याला हात पुसत दारात आली. अनिझिओ होता, सोबत त्याचा मेव्हणा. दोघं बसेनात.

"आरं बसा की!"

"बसायचं न्हाई, काकी." अनिझिओनं टोपी काढून हातात घेतली. "क्रेउझाकडं बसाया कायच न्हाई. समदी भुईवर. बाक न्यावा म्हनतो... तुमास्नी आता लागत नसंल तर."

आत कॉफी उतू जाऊन चुलीवर चर्र झाली.

"न्या."

दोघांनी बाक खांद्यावर घेतला. ते फाटकाबाहेर पडल्यावर तिला आठवलं.

"आरं, डावा पाय डुगडुगतोय त्याचा! खाली दगडाची चिपरी घाला!"

वर क्रेउझाकडं मालिकेचं गाणं लागलं होतं. मागं न बघता दोघांनी झपाझप पाय उचलला.