रोगणाखालचा चेहरा

आमच्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा जन्म खाऱ्या पाण्यात गेला. पण कुठलीही वस्तू भिजलेली त्यांना खपत नसे. स्वतः कमरेपर्यंत भिजतील, त्याचं काही नाही. छत्री भिजली, उंबरा भिजला, तांदळाच्या कणगीचं झाकण भिजलं की यांचा जीव खालीवर! लगेच कोपऱ्यातला रोगणाचा डबा निघायचा. एका वर्षी ओसरीवरच्या कॅलेंडरवर पावसाचे शिंतोडे उडतात म्हणून त्यालाही रोगण फासलं. पानं एकमेकांना अशी चिकटली की आमच्या घरात दिवाळीसुद्धा ज्येष्ठातच झाली. मी हसले तर म्हणाले, "हस, हस. पर भिजला का बघ येक तरी कागद!"

मी दिघीहून खाडीपलीकडच्या या कोळीवाड्यात लग्न होऊन आले, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाले की गळणारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. मी कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. तरी एक दिवस मामंजींनी तेल पाजून वाळवलेला मांजरपाटाचा मोठा तुकडा माझ्यापुढे टाकला. "पाटीखाली घे. पाठ भिजंल, खोकत बसशील, आन् मंग भाकऱ्या कोन भाजंल?" असं त्यांचं प्रेम. त्या कापडाला तेलाचा इतका उग्र वास यायचा की मासळीबाजारातसुद्धा बायका नाकाला पदर लावायच्या. पण पाठ कोरडी राहिली ती राहिलीच.

रोगण शिजायचं अंगणात. जवसाच्या तेलात चंद्रुसाचे, म्हणजे राळेसारख्या डिंकाचे, खडे घालून ते तासन्‌तास ढवळत बसायचे, आणि त्या वेळी कुणी मध्ये बोललं की अंगावर यायचे. "लाकूड तान्हेलं असतंय पोरी," ते म्हणायचे, "त्याला आधी तेल पाज, मंग ते पानी मागनार न्हाय." रोगण वाळलं की बोटं बुडवून त्यावर पाणी शिंपडायचं आणि वाकून बघायचं. अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा थेंब घरंगळला की म्हातारा खूश. थेंब तिथेच बसून राहिला, तर त्या दिवशी जेवणावरचं मन उडालं म्हणून समजा.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता आमच्या मचव्याच्या नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी. तिथे सासूबाईंनी देवीचा चेहरा रंगवला होता. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. देवी काढता काढता बाईने आरशातला आपलाच चेहरा काढला, असं सगळा वाडा म्हणायचा. आमच्याकडची रीत अशी की नारळी पौर्णिमेआधी होडी खरवडायची, तेल पाजायचं आणि नाळेवर नवा चेहरा काढायचा. मामंजी तेवढी फळी कुणाला खरवडू देत नसत. दरसाल त्या चेहऱ्यावर रोगणाचा आणखी एक हात. पाण्याने त्याचं काही बिघडलं नाही. पण रोगण जुनं झालं की तांबूस होतं, मग काळपट. हातावर हात चढत गेले आणि चेहरा आतल्या आत बुडाला. कुणी बोललं तर म्हणायचे, "मला दिसतीय."

एका वर्षी खलाशांनीच पाय आडवा घातला. "देवीचं डोलंच दिसत न्हाईत. आंधल्या देवीसंगती दर्यात कोन जानार?" खलाशी नाहीत तर हंगाम नाही, आणि हंगाम नाही तर चूल नाही. आमचे हे पटाशी घेऊन फळी तासायला निघाले. मामंजी नाळेला पाठ लावून उभे राहिले. "आधी मला तास," म्हणाले. अख्खा वाडा बघतोय, बापलेक एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत, कुणी हलायला तयार नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, दोघांचाही मनस्वी राग आला.

सुनांनी चारचौघांत बोलायचे ते दिवस नव्हते, पण मी बोलले. ह्यांना म्हटलं, "ती पटाशी ठेवा आधी खाली." मग सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, तुम्हाला दिसतात ना त्या? मग मला सांगा. मी वरून काढते. खालच्या खालीच राहतील."

त्यांनी बोटं भिजवली, फळीवर पाणी उडवलं. थेंब घरंगळले. "भिजनार न्हाय ना ती?"

"नाही भिजणार."

तेव्हा कुठे ते बाजूला झाले. उपड्या टोपलीवर बसून डोळे मिटून सांगू लागले, "डोलं मोठं. आजून मोठं कर. नाक बसकं. बसकंच व्हतं गं, लाजू नको! हनुवटीवर गोंदान." सासूबाईंना मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते सांगत गेले, मी काढत गेले. उन्हं उतरली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. किती वेळ नुसते बघत राहिले. "आली," म्हणाले, आणि सगळ्या खलाशांसमोर ओक्साबोक्शी रडले. मीही रडले.

सवयीने त्यांचा हात डब्याकडे गेला. मी तो धरला. "रोगण नको मामंजी. पुन्हा काळी पडेल."

"आन् भिजली तर?"

"भिजू दे. मी आहे ना. दरसाल नवी काढीन."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मग दर श्रावणात टोपली उपडी पडायची. नाक जमेपर्यंत 'आली' म्हणून काही म्हणायचे नाहीत. मेलं ते नाक! मला पुसायला लावायचे आणि वर हसायचे.

ते गेले एका आषाढात, धो धो पावसात. तिरडीवर त्यांना भिजताना मला बघवेना. पाटीखालचं ते कापड मी त्यांच्यावर पांघरलं.

त्या श्रावणात नाळेपुढे मी एकटीच होते. डोळे काढले, नाक काढलं, हनुवटीवर गोंदण काढलं. मागे सरून बघितलं आणि सवयीने टोपलीकडे वळून विचारलं, "मामंजी, आली का?"

मग पुन्हा नाळेकडे बघितलं. नाक बसकंच होतं.

"आली," मीच म्हटलं.