हजेरीचा तांदूळ

नातीला ताप आहे हे मला सकाळीच कळलं होतं. कळूनही तिला शाळेत नेली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी माझी कड घ्यायला नको.

नव्वदच्या पुढची सालं. गगनबावड्याकडच्या वाडीत मी आणि माझ्या मुलीची मुलगी, दोघीच. भादव्यात कणगी रिकामी व्हायची आणि शेतातलं भात कापायला अजून अवकाश असायचा. तेव्हा शाळेत महिन्यात दहातले आठ दिवस पोराची हजेरी भरली की सरकार तीन किलो तांदूळ द्यायचं. शाळा एका खोलीची. पोती वर्गातच, भिंतीला लावलेली. पोरं त्यांना टेकून पाढे म्हणायची.

महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि नातीचा नेमका एक दिवस कमी पडत होता. ओढ्याला पाणी होतं. तिला पाठीवर घेतली, वर पावसासाठी पोत्याची खोळ घातली. गुरुजींनी तिच्या कपाळाला हात लावला.

"अवो आत्ती, पोर तापलीया. घरी न्या."

"नेते की. आधी हजेरी मांडा."

"बसल्याबिगर मांडता येत न्हाय."

"मग बसंल. मरत न्हाय ती."

बसली. पोत्याला टेकून दिवसभर झोपली. तांदूळ मिळाला. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर गोवर उठला.

तिचा चार-पाच दिवसांत उतरला. ती परत शाळेत जायला लागली, तेव्हा वाडीतली बाकीची पोरं एकेक करून पडली. शेजारणीची दोन्ही पडली. मला घरात बसवेना. झाडलेलं अंगण परत झाडायची, भरलेली घागर ओतून परत भरायची. त्या पोरांचा खोकला कुडातून ऐकू यायचा. उठून बाहेर जायची, तर तिथंही ऐकू यायचा.

महिना संपला. वाडीत एकट्या माझ्या नातीची हजेरी भरली. बायका गुरुजींकडं गेल्या. पोरं आजारी पडली, त्यात त्यांचा काय गुन्हा? गुरुजी म्हणाले, "मला कळतंय. पर वरचा हुकूम हजेरीचा हाय." पोती तिथंच होती. शिवणीतून किडे बाहेर येत होते.

मी पिशवी घेऊन गेले. सगळ्यांच्या देखत मापून घेतला. शेजारीण शाळेच्या दारातनं बोलली, "न्या की आत्ती. रोग सगळ्यांस्नी वाटलासा, तांदूळ तेवढा एकटीनं खावा."

पिशवीचं तोंड बांधलं आणि निघाले. तिची पोरं उठून बसली होती, पण पायात त्राण नव्हतं, आणि तिच्याकडं नाचणीचं पीठही उरलं नव्हतं. घरी येऊन निम्मा तांदूळ निवडला, मऊ भात केला आणि पातेलं तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. मग सारखी उठून बघायची, आत घेतलं का.

दिवस मावळायच्या आधी तिनं पातेलं माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. झाकण काढलं. भात तसाच होता. मुंग्या चढल्या होत्या.

नात म्हणाली, "आज्जे, आता गं?"

मुंग्या झटकल्या आणि दोघींनी खाल्ला. टाकायची ऐपत नव्हती.