पक्की केलेली रेघ

पूर्वेकडच्या सीमेवर आमच्या बटालियनचं पोस्टिंग आलं तेव्हा मी इंटेलिजन्स सेक्शनमध्ये हवालदार होतो. नाव ऐकून लोकांना गुप्तहेर वगैरे वाटतं. प्रत्यक्षात मी नकाशे सांभाळत असे. ते गुंडाळायचे, ओलीपासून जपायचे आणि अधिकाऱ्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला तर नम्रपणे उचलायचा.

माझ्या हाताखाली नाईक राजरत्न सोनकांबळे होता. तो मुदखेडचा, मी देवणीचा. चारचौघांत आम्ही फौजी हिंदी बोलायचो, दोघंच असलो की तो मला अण्णा म्हणायचा. त्याचा हात फार स्वच्छ होता. त्याने काढलेली रेघ छापल्यासारखी दिसे.

त्या हिवाळ्यात एक जनरल भेटीला येणार होते. फौजेत जनरल येणार म्हटलं की दगडांनाही चुना लागतो. आमच्या कर्नलसाहेबांनी चुन्याच्या पुढचा विचार केला. रिक्रिएशन हॉलमध्ये जुने नकाशे ओळीने लावायचे आणि इंग्रजांचं राज्य कसं आलं, कसं गेलं, हे भिंतीवर दाखवायचं.

पहिल्या नकाशात किनाऱ्यावर लाल ठिपके होते, गोवर अंगावर यायला लागावा तसे. दुसऱ्यात लाल रंग गंगेकाठाने वर सरकलेला. तिसऱ्यात जवळपास सगळं लाल, मध्ये संस्थानं पिवळी. निजामाचा पिवळा तुकडा सगळ्यांत मोठा. राजरत्नने त्यात बोट ठेवलं.

"अण्णा, आपलं गाव पिवळ्यात हाय. म्हंजी आपल्यावर इंग्रजाचं राज्य नव्हतंच की."

"पिवळ्याच्या चारी बाजूंना काय आहे बघ."

"लाल."

"मग निजामाला विचार, राज्य कुणाचं होतं."

चौथ्या नकाशात लाल रंग हिमालयाला टेकलेला आणि तिथे एक सीमारेषा. पाचवा स्वातंत्र्यानंतरचा. लाल रंग गेला होता, निजामाचा पिवळाही गेला होता. रेषा तिथेच होती, आणि तिच्या राखणीला आता आम्ही होतो.

शेवटी आमच्या इलाक्याचा मोठा नकाशा लावायचा होता. तो राजरत्नने इंग्रजांच्या काळातल्या शीटवरून वाढवून काढला. त्या शीटवर डोंगराच्या एका अंगाला उंचीच्या रेषा सलग होत्या, दुसऱ्या अंगाला तुटक. तुटक रेषेचा अर्थ असा की सर्वेक्षण करणारा तिथे गेलेला नाही, लांबच्या शिखरावरून दुर्बिणीने बघून त्याने अंदाज बांधला आहे. साम्राज्याचा नोकर असला तरी माणूस प्रामाणिक असावा. माहीत नव्हतं तिथे त्याने रेघ तोडली होती.

भेटीच्या आधी वरच्या हेडक्वार्टरचा एक अधिकारी तयारी तपासायला आला. त्याने नकाशावर छडी टेकवली.

"ये टूटी लाइन क्यों? गंदा लगता है."

"सर, ये कच्ची है," राजरत्न म्हणाला. "दूर से देखके बनाई थी."

"तो पक्की कर दो."

हुकूम होता. राजरत्नने रेषा जोडल्या. जनरल खूश झाले. इतका सुबक नकाशा भिंतीवर कशाला, पेट्रोलला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला द्या, असं म्हणाले. प्रती निघाल्या आणि त्यावर अंदाजाचं एकही चिन्ह उरलं नाही.

पुढच्या पेट्रोलवर आम्ही सातजण होतो. कॅप्टनसाहेब तरुण, शांत स्वभावाचे. डोंगराच्या माथ्यावरच्या धारेपर्यंत ठरल्याप्रमाणे पोहोचलो. परतायला वळलो आणि ढग खाली बसला.

आभाळ, बर्फ, पुढचा माणूस, सगळं एकाच रंगाचं झालं. आपण उतारावर आहोत की सपाटीवर, हे पायांनाही कळेना. येतानाची पावलं वाऱ्याने पुसली होती. गोळीबारात भीती वाटते, पण तिला दिशा असते, आपण तिच्याकडे पाठ करू शकतो. इथे ती पायाखाली होती. एक जवान पाय उचलायलाच तयार नव्हता. मी त्याला रागावलो, आणि माझे दात वाजत होते ते थंडीने नव्हे.

जीपीएस चालू होता. आपण कुठे उभे आहोत ते तो सांगत होता. पुढच्या पावलाखाली जमीन आहे का, हे सांगत नव्हता. धारेवरून खाली नाल्यात उतरायला दोन सोंडा होत्या, फौजेच्या भाषेत स्पर. उजवी लांब आणि चढउताराची. डावी नकाशावर जवळची आणि सोपी. उजेड कमी होत होता आणि रात्री वर राहिलो असतो तर कुणीच उरलं नसतं.

कॅप्टनसाहेबांनी वायरलेस उचलला. ब्राव्हो हे आमच्या तुकडीचं सांकेतिक नाव.

"बेस, ब्राव्हो. व्हिजिबिलिटी शून्य. ओव्हर."

"ब्राव्हो, मॅप पे लेफ्ट स्पर आसान है. लेफ्ट से उतरो. ओव्हर."

बेसच्या टेबलावरही तोच नकाशा होता. राजरत्न माझ्या कानाशी आला.

"अण्णा, डावी बाजू म्या जोडेल हाय. ती कच्ची हाय."

"साहेबांना सांग."

त्याने सांगितलं. साहेबांनी नकाशावर उजव्या सोंडेवर बोट ठेवलं. "राइट पक्का है?"

"राइट पे अंग्रेज खुद चला था, सर. लेकिन राइट लंबा है. पहले लेफ्ट देख लेता हूं. लाइन मेरी है."

त्याने कमरेला दोर बांधला. दुसरं टोक आम्ही तिघांनी धरलं. तो चार पावलांत दिसेनासा झाला. दोर हळूहळू सरकत होता. मग त्याचा आवाज आला, "अण्णा, हिथं खाली काहीच न्हाई..."

कड्याबाहेर अधांतरी साचलेला बर्फाचा सज्जा मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. दोराला जबरदस्त हिसका बसला, आम्ही तिघे आडवे झालो, पण सोडला नाही. मग दोर हलका झाला. ओढून घेतला तेव्हा टोक खडकाच्या धारेवर कापलेलं होतं.

आम्ही हाका मारल्या. साहेबांनी बेसला कळवलं. मग आम्ही उजवीकडून उतरलो, एकमेकांच्या पाठीवरच्या पिशव्या धरून. उरलेले सहाही पोहोचलो. राजरत्न शोधपथकाला नंतर सापडला. नकाशाच्या प्रती गुपचूप परत मागवण्यात आल्या.

पेटीबरोबर मुदखेडला मी गेलो. सलामी झाली, पुढाऱ्यांची भाषणं झाली. भाषणांत शत्रू पुष्कळ होता. गर्दी पांगल्यावर त्याच्या वडिलांनी मला अंगणात बसवलं. रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेला माणूस.

"कुठं पडला, दावा," ते म्हणाले.

मी मातीत बोटाने धार काढली, दोन सोंडा काढल्या.

"रस्ता चुकला का लेकाचा?"

"नाही बाबा. तो रस्ता नुसता अंदाजाचा आहे हे त्यालाच माहीत होतं. नकाशात तो रस्ता पक्का करायचा हुकूम होता, हात त्याचा होता. म्हणून आम्हाला न पाठवता तो पुढं गेला."

त्यांनी मातीतल्या डाव्या सोंडेवर बोट टेकवलं.

"म्हंजी ठावं असून गेला."

"हाव."

"अन् तुमी समदे?"

"समदे उतरलो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि आत गेले.

आता आम्ही सहाहीजण निवृत्त आहोत, सहा मुलखांत. दर हिवाळ्यात त्या दिवशी एकमेकांना फोन करतो. बोलणं फार नसतं. "ठीक?" "ठीक." एवढंच. शेवटचा फोन मी मुदखेडला लावतो. राजरत्नचे वडील उचलतात आणि मी काही बोलायच्या आधी विचारतात, "समदे हायेत ना?"


मी सहा नावं सांगतो. सातवं ते सांगतात.