पूजेतलं पुस्तक

झेंडूचा वास आला की अजूनही मला एक परीक्षा आठवते. साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी लोणावळ्याच्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळत होते आणि जवळच्या भाजे गावात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होते. शाळेने मला पुण्याला ग्रंथपालांच्या वर्गाला घातलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती, आणि वर्गीकरणाचं, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याचं, जे एकुलतं पुस्तक आम्हा सगळ्यांत फिरत होतं, ते मोठ्या मिनतवारीने माझ्याकडे आलं होतं. खंडेनवमीला सकाळी विहिरीवरून आले, तर उशाशी ठेवलेलं पुस्तक जागेवर नाही. ट्रंक उपसली, अंथरूण झटकलं, कुठेच नाही. रडवेली होऊन माजघरात गेले, तर घरमालकीण मावशींनी विळे, कोयते, नांगराचा फाळ पूजेला मांडले होते आणि मधोमध माझं पुस्तक, त्यावर हळदकुंकू नि झेंडू. मी हात पुढे केला तशा मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, पूजंतलं हत्यार उद्यापतुर हलवत न्हाईत. तुमचं हत्यार ह्येच न्हवं का?" मला नाही म्हणवेना. दिवसभर त्या मिटलेल्या पुस्तकासमोर बसून मी आठवतील ते क्रमांक घोकत राहिले. आता निवृत्त झाले तरी खंडेनवमीला मी एक पुस्तक पूजेत मांडते. फक्त आदल्या दिवशी ते वाचून संपवते.