ग्राइंडर यायचा होता

आमच्या शेजारचे काका थळला कारखान्यात फिटर होते. नोकरी संपली, पण एक नेम सुटला नाही. सगळे भाग जोडून झाल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही.

मुलीने त्यांना घरी एस्प्रेसो मशीन पाठवली. पुढच्या खेपेला बापलेकीने एकत्र कॉफी प्यायची, असा तिचा बेत. काका कामाला लागले. पूड दाबायचा टॅम्पर आणला, तो सैल बसला म्हणून परत केला. दूध फेसाळायचा जग बदलला. छोटा वजनकाटा आला. त्यांच्या पडवीत बिनसाखरेचा चहा पीत मी हे सगळं बघायचो आणि वैतागायचो.

“आता दाणे दळायचा ग्राइंडर आला की झालं, मास्तर.”

“अहो, पाकिटातली पूड आणा की!”

“तसं न्हाय चालत. अर्धवट फिटिंगवर चालू करायची न्हाय.”

ग्राइंडरच्या आधी मुलगीच आली. “बाबा, आहे त्यात करू या ना,” ती म्हणाली. काका म्हणाले, “पुढच्या टायमाला एकदम बेस्ट करू.” दोन चमचे साखर घालून त्यांनी तिला चहा दिला आणि संध्याकाळी मांडव्याला बोटीवर सोडून आले.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर आला. काकांनी मला हाक मारली. दाणे दळले, पूड तोलून दाबली, मशीन सुरू केली. कॉफी फक्कड उतरली. मग माझ्या कपात त्यांनी दोन चमचे साखर घातली आणि बराच वेळ ढवळत राहिले.

माझ्या कपात त्यांनी त्याआधी कधी साखर घातली नव्हती. मी कप रिकामा केला.